घराच्या छतावरचे सौर अनुदान: पैसा कोणाचा, फायदा कोणाला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

छतावर पॅनेल बसवायचे कसे, अर्ज कुठे करायचा, याची माहिती आता गल्लोगल्ली मिळते. ग्राहक मेळाव्यांत आणि सोसायट्यांच्या सभांत मात्र हल्ली दुसरेच प्रश्न येतात. अनुदानाचा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून जातो? ज्याला स्वतःचे छतच नाही त्याने काय करायचे? शेजारच्या बंगल्याचे बिल शून्य झाले तर त्याचा भार आपल्यावर पडतो का? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना सरळ उत्तरे मिळायला हवीत. खालची उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील महावितरणच्या घरगुती ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

केंद्र सरकार नेमके किती अनुदान देते?

‘प्रधानमंत्री सूर्यघर: मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. त्यापुढे रक्कम वाढत नाही. दहा किलोवॅटचा संच बसवणाऱ्या बंगल्यालाही ७८,००० रुपयेच मिळतात. ही मर्यादा न्यायाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ती नसती तर जेवढे मोठे घर तेवढे जास्त सरकारी पैसे, असा प्रकार झाला असता.

गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रत्येक किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात.

हा पैसा येतो कुठून?

केंद्राच्या अर्थसंकल्पातून. योजनेचा एकूण आराखडा ७५,०२१ कोटी रुपयांचा आणि लक्ष्य एक कोटी घरांचे. भागाकार केला तर एका घरामागे सरासरी ७५,००० रुपये. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ६५,७०० कोटी, थेट घरगुती अनुदानाचा आहे. बाकी रक्कम वीज कंपन्यांना प्रोत्साहन, ग्रामपंचायती व नगरपालिकांना प्रोत्साहन, आदर्श सौरग्राम, प्रशिक्षण आणि प्रचार अशी वाटली आहे.

सरकारी तिजोरीतला पैसा म्हणजे आयकर भरणाऱ्यांचा पैसा, असे अनेक जण धरून चालतात. तिजोरीत जीएसटीही जातो आणि तो साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळ्यांकडून घेतला जातो. चाळीत एका खोलीत राहणारे कुटुंबही त्यात भर घालते. म्हणूनच अनुदान कोणाच्या छतावर उतरते हा प्रश्न प्रत्येकाचा आहे.

अनुदान नसते तर सौर संच परवडला असता का?

घरानुसार उत्तर बदलते, आणि या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. त्यामुळे जरा आकडे मांडू. दर महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकातले घेतले आहेत. २०२५ मध्ये ते बदलले, पण चित्राची ठेवण तीच आहे.

त्या वर्षी पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४.७१ रुपये होता, १०१ ते ३०० युनिटला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा खर्च) वेगळा, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

घर पहिले: महिन्याला ३०० युनिट वापर. एसी आहे, गिझर आहे, फ्रिज मोठा आहे. स्थिर आकार सोडून युनिटांचे बिल २,८८० रुपये, शुल्क धरून सुमारे ३,३४०. तीन किलोवॅटचा संच महाराष्ट्रात महिन्याला सरासरी ३०० ते ३६० युनिट देतो, म्हणजे ही जवळपास सगळी रक्कम वाचते. वर्षाची बचत ४०,००० रुपये. संचाची किंमत दोन लाखांच्या आसपास धरा. अनुदान वजा जाता सुमारे सव्वा लाख रुपये घालावे लागतात आणि ते तीन वर्षांत वसूल होतात. अनुदान अजिबात नसते तर? पाच वर्षांत वसूल झाले असते. पॅनेल चालतात पंचवीस वर्षे.

घर दुसरे: महिन्याला ९० युनिट. दोन खोल्या, दोन पंखे, टीव्ही, लहान फ्रिज. युनिटांचे बिल ५३० रुपये, शुल्कासह ६१५. एक किलोवॅटचा संच ते पूर्ण वाचवतो आणि वर्षाची बचत होते ७,४०० रुपये. संच साठ-सत्तर हजारांना पडतो. केंद्राचे ३०,००० वजा केले तरी पस्तीस हजार हातातून जातात आणि ते वसूल व्हायला पाच वर्षे लागतात. अनुदान नसते तर आठ-नऊ वर्षे लागली असती, आणि या घराने विचारच केला नसता.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्या घराला ७८,००० मिळतात, आणि ते नसते मिळाले तरी पाच वर्षांत फिटणारा व्यवहार होता. दुसऱ्या घराला ३०,००० मिळतात आणि तरीही हिंमत होत नाही. सरकारचा रुपया जिथे निर्णय बदलतो तिथे तो जास्त जायला हवा. सध्याच्या केंद्रीय योजनेत उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तसे आपोआप होत नाही.

मग गरीब घरांसाठी वेगळी सोय आहे का?

आहे, आणि ती महाराष्ट्राने केली याचे समाधान वाटते. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ ही योजना मंजूर केली. ‘स्मार्ट’ या नावाने ती ओळखली जाते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहक आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेले इतर ग्राहक, अशा पाच लाख घरगुती ग्राहकांसाठी ती आहे आणि तरतूद आहे ६५५ कोटींची. एक किलोवॅटची किंमत ५०,००० रुपये धरली आहे. त्यात केंद्राचे ३०,००० आणि वर राज्याची भर अशी:

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याकडून १७,५००, म्हणजे स्वतःचे फक्त २,५०० रुपये भरायचे. १०० युनिटांच्या आतील अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,०००, स्वतःचे ५,०००. याच गटातील सर्वसाधारण ग्राहकाला १०,०००, स्वतःचे १०,०००.

अडीच हजार रुपये म्हटल्यावर वर सांगितलेल्या दुसऱ्या घराचे उत्तर बदलते. चार महिन्यांच्या बचतीत तेवढे पैसे परत येतात. माझे स्पष्ट मत आहे की केंद्राच्या योजनेची रचनाही याच दिशेने वळायला हवी. तिसऱ्या किलोवॅटचे १८,००० कमी करून पहिल्या किलोवॅटला वाढवले, तर तेवढ्याच पैशात जास्त घरे उजळतील आणि ज्यांना खरोखर आधार हवा ती उजळतील.

अडचण एकच, पण मोठी: ‘स्मार्ट’ योजना प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर चालते. ऑनलाइन अर्ज करता येणारा, कागदपत्रे हाताशी असणारा पुढे जातो. ग्रामपंचायतीने, बचत गटाने, वॉर्डातल्या कार्यकर्त्याने अर्ज भरून द्यायला हात लावला तरच गरजू घर यादीत येते.

अनुदान आधी मिळते की नंतर?

नंतर. संच बसतो, तपासणी होते, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागतो आणि मग रक्कम खात्यात जमा होते. तोवर पूर्ण पैसे ग्राहकानेच उभे करायचे. पगारदार माणसाला हे गैरसोयीचे आहे, पण रोजंदारीवरच्या कुटुंबाला हे दार बंद असल्यासारखेच आहे. दोन लाखांपर्यंत तारण न घेता सहा-सात टक्क्यांनी कर्ज देण्याची सोय योजनेत केली आहे. बँकेच्या खिडकीवर मात्र उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि ज्याच्याकडे पगाराची पावती नाही तो तिथेच अडकतो. अनेक व्हेंडर अनुदानाची रक्कम वगळून पैसे घेतात. तसे ठरले असेल तर ते कागदावर लिहून घ्या, कारण अनुदान जमा होते ग्राहकाच्या खात्यात आणि नंतर वाद होतो.

नेट मीटरिंग म्हणजेही अनुदानच का?

हो, एका अर्थाने. आणि ही बाजू फारशी बोलली जात नाही म्हणून थोडे सविस्तर.

नेट मीटर असलेल्या घराचे बिल हातात घ्या. त्यात आयात युनिट आणि निर्यात युनिट असे दोन आकडे दिसतात. दुपारी घरात कोणी नसते, पॅनेल जोरात चालतात आणि वीज महावितरणच्या तारांत जाते: ती निर्यात. रात्री दिवे, पंखे, एसी चालतात: ती आयात. महिन्याच्या शेवटी एकातून दुसरे वजा होते. दुपारचे एक युनिट बरोबर रात्रीचे एक युनिट.

पण बाजारात ही दोन युनिटे एका किमतीची नाहीत. दुपारी राज्यात सौर वीज भरपूर असते. मोठ्या प्रकल्पांकडून ती तीन रुपयांच्या आसपास मिळते. संध्याकाळी सूर्य मावळला की मागणी वाढते आणि तीच वीज महाग पडते. वीज बाजारात कमाल दर दहा रुपये आहे आणि टंचाईच्या काळात संध्याकाळी भाव तिथवर जाऊन टेकतात.

वरचे ३०० युनिटांचे घर पुन्हा घेऊ. समजा ते १०० युनिट दुपारी थेट वापरते आणि २०० युनिट निर्यात करते. नेट मीटरिंग नसते तर रात्रीच्या २०० युनिटांसाठी त्याला २०२४-२५ च्या दराने, वीज शुल्क सोडून, १,७३४ रुपये भरावे लागले असते. त्याने दिलेल्या २०० युनिटांची किंमत तीन रुपयांनी ६०० होते. फरक ११३४ रुपये महिन्याला, साडेतेरा हजार वर्षाला. सहा वर्षांच्या आत ही सवलत ७८,००० रुपयांच्या रोख अनुदानापेक्षा मोठी होते. आणि ती सुरूच राहते.

दुसरी बाजूही मांडायला हवी. छतावरची वीज शेजारच्याच घरात वापरली जाते, त्यामुळे दूरवरून वीज आणताना होणारी गळती टळते. तीन रुपयांची दुपारची वीज माझ्या दारात पोचेपर्यंत तीन रुपयांची राहत नाही. शिवाय कोळसा जळत नाही, धूर होत नाही, आणि चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्यांना त्याचे मोल अचूक ठाऊक आहे. तरीही सवलत आहे ती आहे. सवलत देणे गैर नाही, पण तिचा हिशेब लपलेला राहिला की ती कोणाला मिळते यावर चर्चाच होत नाही.

म्हणजे शेजाऱ्याच्या पॅनेलमुळे माझे बिल वाढते?

आज वाढलेले जाणवणार नाही. छतावरची घरगुती सौर वीज राज्याच्या एकूण विजेत अजून लहान आहे. पण दिशा ओळखायला हवी.

महाराष्ट्रात वीजदराची रचना अशी आहे की जास्त वापरणारे घर, दुकान आणि कारखाना खर्चापेक्षा जास्त भरतात आणि त्यातून शेतीपंप व कमी वापराच्या घरांचा दर खाली ठेवला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. आता सौर संच सर्वांत आधी कोण बसवणार? ज्याचे बिल सर्वांत जास्त आहे तोच. म्हणजे जे ग्राहक इतरांचा भार उचलत होते तेच सर्वांत आधी बाहेर पडतात. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, कर्मचारी यांचा खर्च तेवढाच राहतो. तो उरलेल्यांत वाटला जातो, आणि उरलेल्यांत छत नसलेले, भाडेकरू, जुन्या चाळीतले लोक जास्त असतात.

याचा दोष पॅनेल बसवणाऱ्याला देता येत नाही. त्याने देशाच्या गरजेचे काम स्वतःचे पैसे घालून केले आहे. दोष असलाच तर तो तारांचा खर्च युनिटाच्या दरात मिसळणाऱ्या दररचनेचा आहे. दिवसरात्र ग्रिडचा वापर करणारे घर सौर संचानंतर महिन्याला सव्वाशेच्या घरातला स्थिर आकार भरते आणि ग्रिडचा खर्च तेवढ्यात भागत नाही. यावर स्थिर आकार सगळ्यांसाठीच वाढवावा असे काही जण सुचवतात. त्याला माझा विरोध आहे, कारण मग ५० युनिट वापरणाऱ्या वृद्ध जोडप्यावरही तोच बोजा पडतो. मंजूर भारानुसार, म्हणजे मोठ्या जोडणीला जास्त आणि लहानीला कमी, असा आकार जास्त न्याय्य ठरेल.

मी भाड्याने राहतो. माझ्यासाठी काय?

खरे सांगायचे तर फारसे काही नाही. अर्जदाराचे स्वतःचे छत आणि वीजजोडणी असावी, ही केंद्रीय योजनेची अट आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत भाडेकरू लाखोंनी आहेत आणि त्यांना या ७५,०२१ कोटींतला एक रुपयाही थेट मिळत नाही. घरमालकाला रस नसतो, कारण बिल भाडेकरू भरतो.

यावर मार्ग आहे. दिल्लीत आभासी नेट मीटरिंगची सोय केली आहे: एका ठिकाणी सौर प्रकल्प, आणि त्याच्या युनिटांची वजावट वेगवेगळ्या घरांच्या बिलात. शाळेच्या, मंडईच्या किंवा बस डेपोच्या छतावर प्रकल्प उभा करायचा आणि त्यातला अर्धा-एक किलोवॅटचा वाटा भाडेकरूच्या नावावर लावायचा. घर बदलले तर वाटा नव्या ग्राहक क्रमांकावर जाईल. भाडेकरूंना अनुदानात सामावून घेण्याचा याहून सरळ रस्ता मला दिसत नाही.

आमच्या इमारतीत गच्चीवरून भांडण आहे. हक्क कोणाचा?

हा प्रश्न पुण्यातल्या सोसायट्यांत सतत येतो. एका चार मजली इमारतीतला प्रसंग सांगतो. वरच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी स्वतःसाठी तीन-तीन किलोवॅटचे संच मागितले. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि डिश अँटेना वगळता उरलेली जागा जेमतेम साठ-सत्तर चौरस मीटर. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर लागतात. त्या दोघांनी जागा घेतली असती तर उरलेल्या चौदा घरांसाठी काहीच राहिले नसते. सभेत आवाज चढले. शेवटी ठरले की गच्ची सर्वांची, म्हणून संच सोसायटीच्या मीटरवर. आता लिफ्ट आणि पंपाचे बिल नाममात्र येते आणि प्रत्येक घराची देखभाल वर्गणी कमी झाली. भाडेकरूंच्या घरांनाही त्याचा लाभ मिळतो, कारण तिथे वर्गणी तेच भरतात.

सामाईक गच्ची असेल तर आधी सामाईक संच, ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, गच्चीच्या गळतीची जबाबदारी कोणाची हे त्यातच लिहा. बहुतेक भांडणे पुढे गळतीवरूनच होतात.

पत्र्याच्या घरावर संच बसतो का?

तांत्रिकदृष्ट्या बसतो. पण पत्र्याखालचा सांगाडा वजन आणि वारा पेलेल का हे पाहावे लागते, आणि कोकणातल्या वाऱ्यापावसात तर फारच काळजीपूर्वक. सांगाडा मजबूत करायचा खर्च अनुदानात धरलेला नाही. अतिक्रमित जागेवरच्या वस्तीत तर घराच्या मालकीचा कागदच नसतो. अशा वस्त्यांसाठी वर सांगितलेला सार्वजनिक छतावरचा सामाईक प्रकल्पच उपयोगी पडेल.

हाच पैसा मोठ्या सौर प्रकल्पांवर खर्च केला तर स्वस्त पडणार नाही का?

युनिटामागचा खर्च पाहिला तर हो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरान आणि पडीक जमिनीवर, उपकेंद्रांच्या जवळ प्रकल्प उभे राहतात आणि तीन रुपयांच्या आसपास दराने वीज मिळते. त्याची सुरुवात राळेगणसिद्धीसारख्या गावांतून झाली आणि दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले. त्यातून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री दोन वाजता पाण्याची पाळी धरायला जाताना साप, बिबट्या, चिखल यांना तोंड दिलेल्या माणसाला विचारा त्याचे मोल. शिवाय शेतीची वीज स्वस्त झाली की क्रॉस सबसिडीचा भार हलका होतो आणि त्याचा फायदा छत नसलेल्या शहरी ग्राहकालाही पोचतो.

मग घरांवर खर्च का करायचा? कारण घरच्या संचात सरकारचा एक रुपया कुटुंबाचे एक-दीड रुपये बाहेर काढतो, जमीन लागत नाही आणि नव्या उच्चदाब वाहिन्या टाकाव्या लागत नाहीत. शिवाय ज्या गावात हे एकत्रितपणे होते तिथे परिणाम वेगळाच दिसतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. सुमारे शंभर घरांचे गाव, घरांसोबत पथदिवे आणि पाणीपुरवठाही सौर विजेवर. तिथे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही कामे हवीत, पण निवड करायची वेळ आली तर मी शेती वाहिनीचा रुपया आधी ठेवीन आणि तीन किलोवॅटच्या सधन घराचा नंतर.

अनुदानित संचाला भारतीय बनावटीचेच पॅनेल का लागतात? त्याचा खर्च कोणावर?

अनुदान हवे असेल तर सेल आणि पॅनेल दोन्ही देशात बनलेले हवेत. यांना बाजारात डीसीआर पॅनेल म्हणतात. आयात सेलच्या पॅनेलपेक्षा ते महाग असतात. म्हणजे तुमच्या ७८,००० मधला काही भाग किमतीच्या फरकातून कारखानदाराकडे जातो. देशात उद्योग उभा राहावा हा हेतू मला पटतो, पण हा खर्च घरगुती अनुदानाच्या नावाखाली मोजला जातो हे लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे किंमत थोडी उतरायला मदत झाली.

‘मोफत वीज’ म्हणजे बिल पूर्ण शून्य?

नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क राहते. पावसाळ्यात उत्पादन घटते तेव्हा युनिटांचेही पैसे येऊ शकतात. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशेब संपतो आणि उरलेल्यांचा मोबदला किरकोळ दरापेक्षा खूपच कमी मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका.

इतर देशांनी हा पेच कसा हाताळला?

जर्मनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे २०००च्या कायद्याने छतावरच्या विजेला वीस वर्षे ठरावीक चढा दर दिला. पैसा सरकारी तिजोरीतून न देता प्रत्येक ग्राहकाच्या बिलावर अधिभार लावून गोळा केला. २०१७ मध्ये तो प्रत्येक युनिटाला ६.८८ सेंटवर गेला. मोठ्या ऊर्जाखाऊ कारखान्यांना त्यातून सूट होती, आणि शहरातला भाडेकरू पूर्ण भरत होता. संताप वाढत गेला. शेवटी १ जुलै २०२२ पासून अधिभार रद्द करून खर्च सरकारी निधीवर घेतला. भाडेकरूंना इमारतीच्या छतावरची वीज थेट विकण्यासाठी २०१७ मध्ये वेगळा कायदाही केला. जर्मनांनी तेव्हा मोजलेल्या चढ्या दरामुळेच जगात पॅनेलचे कारखाने वाढले आणि भाव कोसळले. आज आपल्या छतावरचा संच परवडतो त्यात त्या बिलांचा वाटा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

कॅलिफोर्नियाने उलटी चूक केली. छत नसलेल्यांवर भार पडतो म्हणून एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या निर्यात विजेचा मोबदला एकदम सुमारे तीन चतुर्थांशाने उतरवला. अर्ज कोसळले आणि बसवणाऱ्या लहान कंपन्यांतील लोकांच्या नोकऱ्या गेल्या. न्यायाचा मुद्दा बरोबर होता, पण बदल पायरीपायरीने करायला हवा होता.

महाराष्ट्रात नेट मीटरिंग बंद होणार का?

२०१९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या मसुद्यात असा बदल सुचवला होता. जोरदार हरकती आल्या आणि अंतिम विनियमात नेट मीटरिंग राहिले. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांतही आधी नेट मीटरिंगला १० किलोवॅटची मर्यादा आली आणि २०२१ मध्ये ती ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत वाढवली. म्हणजे दबाव दोन्ही बाजूंनी सुरू आहे.

माझी भूमिका अशी: तीन किलोवॅटपर्यंतच्या घरांचे नेट मीटरिंग हलवू नये. त्याहून मोठ्या नव्या संचांना दुपारच्या निर्यातीचा मोबदला हळूहळू कमी करावा, आणि जो बॅटरी लावून संध्याकाळी वीज परत देईल त्याला जास्त द्यावे. आधीच संच बसवलेल्यांचे नियम मात्र मधेच बदलू नयेत. लोकांनी कर्ज काढून, सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे गुंतवले आहेत.

माझा पगार चांगला आहे. मी अनुदान घ्यावे का?

घ्या. योजना तुमच्यासाठीही आहे आणि तुमच्या छतावरून निघणारी स्वच्छ वीज सगळ्यांच्या उपयोगाची आहे. जमत असेल तर घरकामाला येणाऱ्या ताईंचा किंवा इमारतीच्या वॉचमनचा ‘स्मार्ट’ योजनेचा अर्ज भरून द्या. गावाकडे त्यांचे स्वतःचे घर असेल आणि वीजजोडणी त्यांच्या नावावर असेल तर त्यांचा हक्क बनतो.

हे म्हणणे मांडायचे कुठे?

वीज कायदा, २००३ प्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाने जनतेच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. महावितरणचा दरप्रस्ताव आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, मुदत दिली जाते आणि जाहीर सुनावण्या होतात. हरकत मराठीत चालते, वकील लागत नाही. एका पानात लिहा: तुमचा वापर किती, छत आहे की नाही, मागणी काय. उद्योगांचे प्रतिनिधी आणि सौर व्यावसायिक तिथे तयारीने येतात. १०० युनिटांच्या आतले ग्राहक आणि भाडेकरू जवळपास येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूचा आकडा आयोगासमोर मांडलाच जात नाही. तुमच्या वस्तीतल्या दहा-वीस बिलांच्या छायाप्रती जोडून ‘आम्हाला सार्वजनिक छतावरच्या सौर प्रकल्पात वाटा द्या’ अशी एकत्रित हरकत नोंदवा, आणि सुनावणीच्या दिवशी निदान दोघांनी तरी बोलायला जा.